ज्ञानबा-तुकाराम : शेजारी मांडण्याची रीत



'ज्ञानबा-तुकाराम' म्हणताना आपण मध्ये थांबत नाही. चालत्या पायांना आणि टाळाच्या ठेक्याला ते एकच नाव वाटते. आपल्या दिंडीची शंभर वर्षे याच नावावर चालली. पहाटे काकड्याला तेच, भर उन्हात पाय पोळताना तेच, आणि रात्री तंबूत आडवे झाल्यावर शेजारच्याच्या घोरण्यातसुद्धा तोच ठेका ऐकू येतो. या स्मरणिकेसाठी दिंडीचा इतिहास लिहायला बसलो, तेव्हा आम्हा मंडळींना वाटले की आधी या नावाकडेच नीट पाहावे. ही दोन नावे आपोआप एकमेकांशेजारी येऊन बसलेली नाहीत. ती कोणीतरी तशी मांडली आहेत.

मांडली कोणाला, तेही पाहा. ज्ञानोबारायांनी शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली आणि १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. वय अवघे एकवीस. तुकोबारायांचा जन्म १६०८ चा, देहूचा, आणि वैकुंठगमन १६५० साली. दोघांमध्ये साडेतीनशे वर्षांचे अंतर. ज्ञानोबा हे संन्याशाचे पोर, ब्राह्मण असून ब्राह्मणांनीच वाळीत टाकलेले. तुकोबा कुणबी, धंद्याने वाणी. एकाने संसार मांडलाच नाही. दुसऱ्याने दोन लग्ने केली, दुकान चालवले, दिवाळे काढले, आणि दुष्काळात थोरली बायको अन्न-अन्न करत गेलेली डोळ्यांनी पाहिली. एकाने संस्कृत गीता हातात घेऊन ती मराठीत मोकळी केली. दुसऱ्याला ती विद्या शिकण्याचाच अधिकार नाही असे सांगण्यात आले, आणि लिहिलेल्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लागल्या. एकाचे बोलणे आईने लेकराला समजवावे तसे. दुसऱ्याचे, गावातल्या खमक्या म्हाताऱ्याने चारचौघांत सुनावावे तसे. ज्ञानेश्वरीचे पारायण करून लगेच गाथा उघडून बसा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल. पाठीवरून हात फिरत असतानाच मध्ये एक धपाटा बसतो.

या दोघांना शेजारी बसवले नारायणमहाराजांनी. हे तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव. वडील गेले तेव्हा हे आईच्या पोटात होते. वारी त्यांच्याआधीही होतीच. ज्ञानोबांच्या वडिलांकडे होती, तुकोबांच्या घराण्यात मूळपुरुष विश्वंभरबुवांपासून होती. पण पालखीची रीत नारायणमहाराजांची. १६८५ साली त्यांनी तुकोबांच्या पादुका पालखीत घेतल्या, देहूहून आळंदीला आले, तिथे ज्ञानोबांच्या पादुका त्याच पालखीत ठेवल्या आणि पंढरीची वाट धरली. 'ज्ञानबा-तुकाराम' हे जोडनामही त्यांच्यापासूनच, असे सांप्रदायात सांगतात. विचार करा, ज्या मुलाने बाप पाहिला नाही, त्याने बापाच्या पादुका एकट्या नेल्या असत्या तर कोणी नाव ठेवले नसते. त्याने साडेतीनशे वर्षे जुना शेजारी शोधून आणला.

पुढे दीडशे वर्षांनी पालखी एक राहिली नाही. देहूकर मंडळींत सेवेच्या हक्कावरून वाद झाले आणि १८३० च्या दशकापासून माऊलींचा सोहळा वेगळा निघू लागला. तो उभा केला आरफळच्या हैबतबाबांनी. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेला हा माणूस. त्यामुळे सोहळ्यात फौजेची शिस्त आली. घोडे, तंबू आणि बाकी सरंजाम अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आला, तो मान आजही त्यांच्याकडे आहे. हैबतबाबा स्वतः आळंदीला महाद्वाराच्या पायरीशी विसावले. आज दोन्ही पालख्या पुण्याला मुक्कामी येतात, हडपसरला फाटतात, माऊली दिवे घाट चढून सासवडकडे आणि तुकोबा लोणी काळभोरकडे. पुन्हा गाठ पडते ती थेट वाखरीला. पण एक गोष्ट लक्षात घ्या. पालख्या वेगळ्या झाल्या, रस्ते वेगळे झाले, मुक्काम वेगळे झाले, तरी नाव फाटले नाही. माऊलींच्या सोहळ्यात कोणी नुसते 'ज्ञानबा' म्हणून थांबत नाही आणि तुकोबांच्या सोहळ्यात कोणी नुसते 'तुकाराम' म्हणत नाही. भांडणारांना पादुका वेगळ्या करता आल्या. टाळकऱ्याच्या तोंडातले नाव कोणाच्या हक्कात येत नव्हते, म्हणून ते राहिले.

शेजारी ठेवायचे, पण एकमेकांत कालवायचे नाही, ही या सांप्रदायाची जुनी सवय आहे. आपल्या मृदंगाचेच बघा ना. उजव्या तोंडाला काळी शाई, ती कायमची, सुकलेली, टणक. डाव्या तोंडाला ओली कणीक, ती दर वेळी मळून लावायची आणि वाजवणे झाले की खरवडून काढायची. दोन्ही तोंडांना शाई लावली तर मृदंग नुसता टणटण करील. दोन्हींना कणीक लावली तर नुसता घुमेल. खोड एकच, वाद्या एकच, आणि तोंडे मात्र एकाने दुसऱ्यासारखे व्हायचे नाही. टाळाचेही तेच. दोन वाट्या एकाच दोरीत बांधलेल्या, पण घट्ट चिकटवून धरल्या की आवाज मेला. नवख्या टाळकऱ्याला पहिली शिकवण हीच असते की वाटीला वाटी लागू दे आणि लगेच सुटू दे.

रिंगणातले दोन अश्व सगळ्यांनी पाहिले आहेत. एकावर स्वार बसलेला, हातात जरीपटका. दुसऱ्याच्या पाठीवर कोणीच नाही, तो माऊलींचा. दोघे एकाच रिंगणात धावतात. लाखो माणसे श्वास रोखून बघतात ती रिकाम्या पाठीच्या घोड्याकडे, आणि टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात तीही त्याच्याच. आता असे समजा की स्वाराचा घोडा आणलाच नाही. मोकळा घोडा एकटा धावला. बाहेरगावच्या माणसाला वाटेल, कोणाचे तरी जनावर सुटले आहे. शेजारी स्वार आहे म्हणूनच दुसऱ्या पाठीवरची रिकामी जागा रिकामी वाटत नाही. जुन्या लोकांनी हे कोणाला समजावून सांगितले नाही. घोडे दोन आणले आणि सोडले.

वाटेवर अशा जागा खूप आहेत. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिला अभंग आणि आरती होते ती अनगडशाह बाबांच्या दर्ग्याशी. माऊलींची पालखी जेजुरीला पोचते तेव्हा बुक्का लावलेल्या कपाळांवर खंडोबाचा भंडारा उधळला जातो. सकाळी काळे असलेले कपाळ संध्याकाळी पिवळे. शिव आणि विष्णू यांच्या भक्तांनी एकमेकांची डोकी फोडल्याच्या गोष्टी पुराणात आणि इतिहासात काही कमी नाहीत. आपल्याकडे मात्र एकादशीही धरतात आणि सोमवारही. पैठणच्या नाथमहाराजांनी तर हिंदू आणि तुर्क यांना एका भारुडात समोरासमोर उभे करून भांडायला लावले. दोघेही एकमेकांची उणीदुणी इतक्या मोकळेपणाने काढतात की आज ते भारुड चौकात सादर करायला छाती लागेल. आणि भांडण संपते ते गळाभेटीवर. नाथांनी दोघांना गप्प बसवून मेळ घातला नाही, आधी दोघांना पोटभर बोलू दिले. आमच्या मते हे फार महत्त्वाचे आहे, पण त्यावर वेगळा लेख हवा.

इथपर्यंत सगळे गोड आहे. शेजारी ठेवण्याचा दुसरा उपयोग तितका गोड नाही. दोन गोष्टी दूर दूर असल्या की त्यांच्यातला अन्याय डोळ्यांना दिसत नाही. शेजारी आल्या की लपत नाही.

पंढरीला महाद्वारात उभे राहा. पायाशी नामदेवरायांची पायरी. तिच्या समोर, दाराबाहेर, चोखोबांची समाधी. दर्शनाच्या गडबडीत आपण दोन्हीकडे हात जोडून पुढे सरकतो. थोडे थांबून बघू.

चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर होते. भिंत कोसळली आणि तिच्याखाली मजूर गाडले गेले, त्यांत चोखोबाही. साल १३३८. नामदेवराय मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातून हाडे वेचली आणि पंढरीला आणून महाद्वारात पुरली. हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होते, त्यावरून ती चोखोबांची म्हणून ओळखली, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. जिवंतपणी ज्या दाराच्या आत पाऊल टाकता आले नाही, त्या दाराशी मेल्यावर जागा मिळाली, आणि तीही बाहेरच्या बाजूला. पुढे बारा वर्षांनी, १३५० साली, नामदेवराय गेले. संतांच्या पायांची धूळ मस्तकी लागावी म्हणून त्यांनी पायरीची जागा मागून घेतली, असे परंपरा सांगते. ते खरेच आहे. पण क्रम नीट लावला की आणखी एक गोष्ट दिसते. नामदेवांना आत जाता येत होते. देव त्यांच्याशी बोलत होता, त्यांच्या हातचे जेवत होता, अशी ज्यांची ख्याती, त्या माणसाला आत कुठेही जागा मिळाली असती. त्यांनी निवडली ती बाहेरची, आपल्या हातांनी पुरलेल्या मित्रासमोरची. एकाला दाराबाहेर ठेवले होते, दुसरा आपणहून दाराबाहेर येऊन राहिला. ही जागा शिंप्याने महाराला दिलेली सोबत आहे, असे आम्हाला वाटते.

आता त्याच मंगळवेढ्याचे दुसरे माणूस. कान्होपात्रा. नायकिणीच्या पोटी जन्मलेली. बेदरच्या बादशहाची माणसे तिला न्यायला आली तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला. तिला तिथेच, मंदिराच्या आवारातच, मूठमाती मिळाली, आणि त्या जागी उगवलेले तरटीचे झाड आजही पुजारी असोत की वारकरी, सगळे दाखवतात. चोखोबा आणि कान्होपात्रा, गाव एक, देव एक, भक्ती तीच. समाजाने दोघांनाही खाली लोटलेले. पण एक आत आणि एक बाहेर. कान्होपात्रेला आत जागा मिळाली याचा आनंदच आहे, त्यात कमी-जास्त करायचे नाही. पण या दोन जागा मनात शेजारी ठेवल्या की एक प्रश्न उभा राहतो आणि हटत नाही. जिच्या घरी जायला प्रतिष्ठित माणसे तोंड लपवत होती, तिची माती मंदिराला चालली. ज्याने आयुष्यभर मेलेली ढोरे ओढली आणि गावाच्या भिंती बांधल्या, त्याची माती चालली नाही. मग अडथळा कर्माचा नव्हता, पापाचाही नव्हता, नुसता जन्माचा होता. पोथीतल्या हजार युक्तिवादांनी जे झाकले जाते ते या दोन समाध्या उघड करतात.

सहाशे वर्षे ते तसेच राहिले. चोखोबांच्या घरातले सगळे, सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा, अभंग लिहून गेले. त्यांचे अभंग देवळात गायले गेले, आणि त्यांच्या वंशाची माणसे महाद्वाराशी उभी राहून ते ऐकत राहिली. दार उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणाने. १९४७ च्या मे महिन्यात, तनपुरे महाराजांच्या मठात, १ तारखेपासून १० तारखेपर्यंत गुरुजी अन्नावाचून राहिले. त्याआधी काही महिने ते गावोगाव फिरले होते. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आले होते, आणि गुरुजींना वाटत होते की देश मोकळा व्हायच्या आत विठोबा मोकळा झाला पाहिजे. पुढच्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा अस्पृश्यांच्या मूळ इतिहासाचा शोध घेणारा इंग्रजी ग्रंथ आला. तो त्यांनी तीन संतांना अर्पण केला आहे. तमिळ देशीचे नंदनार, काशीचे रविदास आणि आपले चोखोबा. तीन मुलखांतली, तीन भाषांतली माणसे एका पानावर शेजारी. त्या पानावर दुसरे काही स्पष्टीकरण लागत नाही.

आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली म्हणतो, तेव्हा त्यातली पहिली वीसेक वर्षे हे दार बंद होते. आपले पणजोबा, आजोबा टाळ वाजवत त्या दारातून आत गेले. त्याच वेळी बाहेर कोण उभे होते, याची नोंद दिंडीच्या जुन्या चोपड्यांत कुठे असणार? चोपडीत तांदूळ किती, गूळ किती, तंबूच्या कनाती किती, एवढेच असते.

आणि दार उघडले म्हणजे सगळे झाले असेही नाही. इरावती कर्वे या विदुषी गेल्या शतकाच्या मध्यावर स्वतः वारी चालल्या आणि 'वाटचाल' नावाचा लेख त्यांनी लिहिला, तो 'परिपूर्ती' या पुस्तकात आहे. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे एका सुरात गात, एका ओळीत चालत. मुक्कामाला मात्र चुली वेगळ्या आणि पंगती वेगळ्या. बाईंना ते रोज टोचत राहिले. ज्यांनी दिवसभर एकमेकांचे पाय धरले, त्यांना एकमेकांच्या हातचे पाणी का चालत नाही, हा त्यांचा प्रश्न. लेख प्रेमाने लिहिलेला आहे, वारीवर नितांत माया करणाऱ्या बाईने लिहिलेला आहे, म्हणून तो जास्त लागतो. दिंडीतल्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा. वाचता येत नसेल त्याने नातवंडाकडून वाचून घ्यावा.

या अंकाच्या बैठकीत यावरून बरीच बोलाचाली झाली. काही जुन्या मंडळींचे म्हणणे पडले की शतकमहोत्सव आहे, मंगल प्रसंग आहे, जुनी दुखणी कशाला उकरायची? विणेकऱ्यांची परंपरा लिहा, अन्नदात्यांची नावे लिहा, फोटो छापा, झाले. त्यांचे म्हणणे वाईट हेतूने नव्हते. सोहळ्यात कोणाचे मन दुखू नये असे त्यांना वाटत होते. दुसऱ्या बाजूने तरुण मंडळी म्हणाली की मग नुसते दुखणेच लिहा, कौतुक पुरे झाले. त्यांचेही सगळे पटले नाही. ज्या माणसाने चाळीस वाऱ्या अनवाणी केल्या, आजारी वारकऱ्याला खांद्यावर घेऊन घाट चढला, त्याच्या पायांना पाणी घालायचे सोडून त्याला नुसते दोष देत बसणे हीसुद्धा एक प्रकारची कृतघ्नताच आहे. शेवटी एक म्हातारी माळकरीण बोलली. ती बैठकीला कोणाला तरी चहा द्यायला आली होती. म्हणाली, "भाकरी आणि ठेचा एकाच ताटात वाढतात बाबांनो. ठेचा वेगळ्या खोलीत नेऊन कोण खातंय?" यावर सगळे हसले आणि वाद तिथेच मिटला.

म्हणून हा अंक असा लावला आहे. डावीकडच्या पानांवर दिंडीचे वैभव आहे. विणेकरी, मृदंगमणी, चोपदार, अन्नदाते, सासवड आणि फलटणच्या मुक्कामांचे जुने फोटो. उजवीकडच्या पानांवर त्याच वर्षांतली दुसरी बाजू आहे. कोणाला कुठवर येऊ दिले जात होते, बायांना कीर्तनाला उभे राहायची मुभा कधी मिळाली, पंगत एक कधी झाली, दुष्काळात आणि साथीत वारी कशी चालली. जिथे उजवीकडे लिहायला माहिती मिळाली नाही, तिथे पान कोरे सोडले आहे. चांगदेवांनी ज्ञानोबांना कोरा कागद पाठवला आणि त्याला पासष्ट ओव्यांचे उत्तर गेले, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांच्या घरात जुन्या आठवणी असतील, त्यांनी त्या कोऱ्या पानांवर लिहून दिंडीच्या चोपदारांकडे द्याव्यात. नाव घालायचे नसेल तर घालू नका.

एक निरोप आषाढीसाठी. यंदा दशमीला दिंडी पंढरीत पोचल्यावर आपण महाद्वाराशी थांबणार आहोत. आधी चोखोबांचा एक अभंग, मग सोयराबाईंचा, मग नामदेवरायांचा. विणा नेहमीप्रमाणे मधोमध राहील. टाळकऱ्यांच्या दोन ओळी नामदेव पायरी आणि चोखोबांची समाधी यांच्यामध्ये समोरासमोर उभ्या राहतील. गर्दी फार असते, पोलीस पुढे सरका म्हणतील, तेव्हा अभंग लहान घ्यावेत. म्हाताऱ्या माणसांना चोखोबांच्या बाजूला उभे करा, तिकडे सावली असते.